जिला टोचलं होतं, तिला बसवलं

"याच्याजवळ कोण बसलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, आणि मी नातीचा हात धरून तिला पुढे केलं.

"ये बैठी थी. सिर्फ ये," मी म्हणाले. "इसको दिमागी बुखार का टीका लगा है. बाकी किसी को मैंने अंदर जाने नहीं दिया."

मी शाबासकीची वाट पाहत होते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. काचेच्या दारामागे माझा धाकटा मुलगा पडला होता. सकाळी त्याच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायला नेलं होतं. मला वाटत होतं, सगळं बिघडलं असलं तरी ही एक गोष्ट मी बरोबर केली.

डॉक्टरीणबाई नातीकडे वळल्या. "टीका कब लगा?"

"सोमवार को."

"इसी सोमवार को?"

"जी."

तो गुरुवार होता. बाईंनी हातातला कागद खाली केला आणि एकदम हळू बोलायला लागल्या. हळू बोलणारा डॉक्टर मला आवडत नाही. म्हणाल्या, अम्मा, टीका लावला, लस टोचली, म्हणजे त्याच घडीला काम सुरू होत नाही. अंगाला त्याची तयारी करायला दहा-बारा दिवस लागतात, कोणाला दोन आठवडे. तीन दिवसांत काहीच होत नाही. ही पोरगी काल तुम्हा सगळ्यांसारखीच होती.

मग त्यांनी विचारलं, "इसको वहाँ बैठाया किसने?"

"मैंने," मी म्हणाले.

माझ्या मागे सून उभी होती. तिच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली आणि घरंगळत बाकाखाली गेली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

आता आधीचं सांगते.

आम्ही बूढापाऱ्यात राहतो, तलावापासून दोन गल्ल्या आत. माझे वडील नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मी, मोठा मुलगा, सून आणि त्यांची एकुलती एक मुलगी. धाकटा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात होता. पाळ्या वेळी-अवेळी असायच्या, म्हणून तिथेच एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. पस्तिशीचा झाला होता. लग्न केलं नव्हतं. मी त्यावरून त्याला फार बोलायचे.

नात परदेशी शिकायला जाणार होती. तिकडच्या कॉलेजनं एक यादी पाठवली होती, त्यात दिमागी बुखाराचा, म्हणजे मेंदूच्या तापाचा टीका लिहिला होता. नातीनं सांगितलं, हॉस्टेलमध्ये खूप मुलं एकत्र राहतात, एकमेकांचं खातात-पितात, तिथे हा आजार पसरतो, म्हणून आधी टोचून घ्यावं लागतं. सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. सूनबाईंना सुई पाहवत नाही. टोचणारी नर्स साधी मुलगी होती. तिनं विचारलं, जायचं कधी आहे? नात म्हणाली, अजून तीन आठवडे आहेत. नर्स म्हणाली, "फिर तो बढ़िया, जाने के दो हफ्ते पहले लग जाए तो अच्छा रहता है."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मला वाटलं, दंड सुजतो, ताप येतो, ते उतरायला म्हणून दोन आठवडे. विमानात बसायच्या आधी माणूस ठणठणीत हवा, एवढाच अर्थ मी घेतला. नर्सला काही विचारलं नाही. तिथून आम्ही सदर बाजारात स्वेटर शोधायला गेलो. भर पावसाळ्यात, घाम गळत असताना स्वेटर मागितला म्हणून दुकानदार हसला. "अम्मा, आपको ठंड लग रही है क्या?" मी म्हटलं, तुला काय करायचं, असला तर दाखव.

बुधवारी दुपारी धाकटा घरी आला. त्याच्या खोलीतला एक जण त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला होता. धाकटा उतरला आणि भिंतीला धरून उभा राहिला. तोंड लाल, डोळे अर्धे मिटलेले.

"डोकं फुटून राहिलं, आई," तो म्हणाला आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पालथा पडला.

मोटारसायकलवाला दारातूनच बोलला. आत आला नाही. "अम्मा, हमर कमरा में एक झन ला दिमागी बुखार होय हे. रविवार ले भरती हे. बाकी सब डर के मारे गाँव भाग गे." मी विचारलं, डॉक्टरनी सांगितलं का तसं? तो म्हणाला, "हव." आणि गाडी वळवून गेला. पाणीही प्यायला नाही.

मी तिथेच, दारात उभ्या उभ्या, सगळं ठरवलं. मला आमच्या जुन्या क्वार्टरमधली रीत माहीत होती. माझ्या लहानपणी देवीची साथ यायची. ज्याच्या घरी देवी आल्या त्याच्या घरात कोणी पाऊल टाकत नसे. माझ्या मायला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, तिच्या तोंडावर वण होते, म्हणून ती जायची. चाळीतल्या सगळ्या रोग्यांजवळ तीच बसायची, पाणी पाजायची, कडुनिंबाच्या पाल्यानं वारा घालायची. आणि ज्या पोरांना सरकारी माणसानं देवी काढल्या होत्या ती पोरं पाणी न्यायची, निरोप न्यायची. सहा वर्षांची असताना मीही नेलं. माझ्या दंडावर तो वण अजून आहे. ज्याला येऊन गेलं किंवा ज्याला टोचलं, त्यानं रोग्याजवळ बसायचं. बाकीच्यांनी लांब राहायचं. यात मला कधी शंका आली नव्हती.

म्हणून मी सुनेला आणि मोठ्याला सांगितलं, "तुमी कोणी आत जाऊ नका. पोट्टीले टोचलं आहे, तीच बसन."

सून म्हणाली, "ती लहान आहे, आई."

"एकोणीस वर्षाची लहान? विमानात एकटी जाऊन राहिली, अन काकाजवळ नाही बसू शकत?"

नात हसली. "मम्मी, मेरे को तो कवच लगा है," असं म्हणून तिनं दंड दाखवला. तिथे सुईचा साधा लाल ठिपका होता. ती चादर आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. त्या घडीला मला तिचा अभिमान वाटला आणि माझाही.

संध्याकाळी गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी मान वाकवून पाहिली, सिलतऱ्याच्या खोलीतलं ऐकलं आणि चिठ्ठी लिहून दिली, आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून. धाकटा म्हणाला, "आई, मले झोपू दे. सकाळी जाऊ." आम्ही त्याचं ऐकलं. मोठा कामावरून थकून आला होता, रिक्षा आणायची कोणी, पाऊस सुरू झाला होता. आता ही कारणं लिहिताना मलाच कळतं की ही कारणं नव्हेत.

नात त्याच्याजवळच होती. त्याला उलटी झाली, ती तिनं पुसली. त्याचं तोंड चमच्यानं ओलं केलं. त्यानं अर्धा सोडलेला चहा तिनं नंतर पिऊन टाकला, हे तिनं मला दवाखान्यात सांगितलं. ती लहानपणापासून काकाचा उष्टा चहा प्यायची.

सकाळी त्याला उजेड सहन होईना. खिडकी बंद केली तरी हातानं डोळे झाकायचा. मला ओळखलं नाही. मी सरळ बोलते, मी दारातच उभी होते, उंबऱ्याच्या बाहेर. तिथून मला त्याच्या पोटऱ्यांवर जांभळे डाग दिसले, शाई उडाल्यासारखे. मोठ्यानं गाडी आणली आणि आम्ही निघालो.

मग ते काचेचं दार आणि डॉक्टरीणबाईंचा प्रश्न.

बाईंनी आम्हाला ओरडून काही म्हटलं नाही. आमच्या चौघांसाठी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, ही गोळी आजपासूनच काम करते, नाकाघशात जंतू असेल तर मारते. टीका नंतर कामी येईल, आज गोळीच कामी येईल. लघवी लाल होईल, घाबरू नका. आणि दहा दिवस या मुलीवर डोळा ठेवा. ताप, डोकेदुखी, उलटी, अंगावर डाग, काहीही झालं तर लगेच या. मग त्यांनी मला जवळ बोलावून एक गोष्ट शिकवली. काचेचा पेला डागावर दाबायचा. पेल्यातून पाहताना डाग फिका झाला तर बहुतेक साधा. नाही झाला तर एक मिनिट थांबायचं नाही. त्यांनी स्वतःच्या मनगटावर टेबलावरचा पेला दाबून दाखवला.

"सुबह तक मत रुकना, अम्मा," त्या म्हणाल्या. त्यांना चिठ्ठीचं कळलं होतं.

बाहेर बाकावर सून माझ्याशी बोलली. वीस वर्षांत ती माझ्यापुढे आवाज चढवून बोलली नव्हती.

"तुमी काहून नाही बसल्या, आई?"

मी गोळ्यांच्या चिठ्ठीची घडी करू लागले.

"तुमचं सत्तर झालं. माझी एकच पोट्टी आहे. तुमचाच पोरगा होता आत. तुमी काहून नाही बसल्या?"

मोठा म्हणाला, "जाऊ दे ना आता."

"काहून जाऊ देऊ? विचारून राहिली मी. सांगू द्या त्यायले."

मी म्हणाले, "मले टोचलं नव्हतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मीही ते ऐकलं, जणू दुसरंच कोणी बोललं. तोपर्यंत मला वाटत होतं, मी रीतीनं वागले. पण खरं एवढंच होतं की मला भीती वाटली. बहात्तर वर्षांची बाई, स्वतःच्या लेकाच्या खोलीत जायला भ्याले आणि नातीला पुढे केलं.  मी बाकावरून उठू लागले. नातीनं मला धरून उठवलं, आणि मी तिचा हात झटकला, कारण मला वाटलं आता कोणीच कोणाला शिवू नये.

"अब क्या फायदा, आजी," ती म्हणाली. "सुबह से तो मेरा हाथ पकड़ के बैठी हो."

धाकटा शनिवारी दुपारी गेला. त्याला शुद्ध आलीच नाही. आम्हाला तोंडाला कापड बांधून आत सोडलं, एकेकाला. मी गेले तेव्हा त्याचे हात सुजले होते आणि नखं निळी होती.   बाहेर आले आणि पहिलं काम काय केलं, तर नातीला म्हटलं, सलवार वर कर, पाय दाखव.

लोकांना हे विचित्र वाटलं. शेजारणी दुखवट्याला आल्या त्या अंगणातच बसल्या, घरातलं पाणी प्यायल्या नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं. त्या रडत होत्या आणि मी मधूनच उठून आत जाऊन पोरीच्या पोटऱ्या, दंड, पोट पाहत होते. आमच्या घरात सगळे पेले स्टीलचे. सुनेनं कपाटातून काचेचा एक सेट काढला, लग्नात आलेला, खोक्यातला, एकदाही न वापरलेला. त्यातला एक मी पदराच्या गाठीत बांधून फिरायचे.

रविवारी नातीच्या घोट्याजवळ तीन लाल ठिपके दिसले. मी पेला दाबला. मला काही दिसेना. सून धावत आली, तिनं माझ्या हातातून पेला ओढून घेतला आणि स्वतः दाबला. आम्ही दोघी डोकं डोक्याला लावून त्या पेल्यात पाहत होतो.

"मच्छर है वो!" नात ओरडली. "पूरे तालाब के मच्छर इसी घर में हैं. दोनों पागल हो गई हो!"

ठिपके फिके झाले. सून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. गुरुवारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती, पण पेला तिनं मला परत दिला.

त्याच दिवसांत कधीतरी, दुपारी भांडी घासताना, मला माझी माय आठवली. तिचं रोग्यांजवळ बसणं मला नेहमीच आठवायचं. त्या दिवशी दुसरं आठवलं. माझ्या दंडावर देवी काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मी हट्ट धरला होता, शेजारच्या घरी पाणी नेते म्हणून, कारण तिथे माझी मैत्रीण आजारी होती. मायनं मला खांबाला धरून ठेवलं. म्हणाली, "अजून नाही. फोड येऊ दे, पिकू दे, खपली धरू दे. खपली पडली की मग जा." मी रोज खपली चाचपून पाहायचे. पडायला तीन आठवडे लागले. मग तिनं मला कळशी दिली.

माझ्या मायला अक्षर येत नव्हतं. मी चार यत्ता शिकले. रीत मी तिच्याकडून घेतली आणि अर्धीच घेतली. बसायचं कोणी, ते लक्षात ठेवलं. बसायचं केव्हा, ते विसरले. त्या काळी दंडावरची खपली माणसाला थांबवायची. आजच्या सुईला खपली नाही, दुसऱ्या दिवशी ठिपकाही दिसत नाही, म्हणून आम्हाला वाटलं काम झालं. नर्सनं सांगितलं होतं, तेही मी माझ्याच मतानं वाकवून घेतलं. हातातली कढई तशीच ठेवून मी मोरीत बसले. सुनेनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मले बी माहीत नव्हतं, आई. मी नर्सले विचारलं असतं का? नसतंच विचारलं." मग म्हणाली, "पण मी पोट्टीले बसवलं नसतं." दोन्ही खरं होतं.

मंगळवारी सकाळी नातीला ताप आला. शंभराच्या वर. डोकं दुखतं म्हणाली. मी चिठ्ठी, गोळ्यांचं पाकीट, टीक्याचं कार्ड सगळं पिशवीत आधीच भरून ठेवलं होतं. मोठ्यानं चप्पल घातली नाही, अनवाणीच जाऊन गाडी आणली. रस्त्यात नात एकदाच बोलली. "आजी, मेरे को भी वो सुई लगाएँगे क्या, पीठ में?" मी म्हटलं, लावतील तर लावतील. खोटं कशाला बोलू. तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. गाडी फाटकापाशी थांबली, मालगाडी जात होती. मी डबे मोजू लागले आणि मध्येच विसरले.

तेच काचेचं दार, त्याच डॉक्टरीणबाई. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही, पोरीलाच सगळं विचारलं, मान वाकवून पाहिली, घसा पाहिला, अंगावरचा एकेक भाग पाहिला. रक्त घेतलं. एक इंजेक्शन लगेच दिलं, तपासणी येईपर्यंत वाट न पाहता. तिला दोन दिवस ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत आत कोणी एकानंच बसायचं होतं. सून उठली. मी म्हणाले, "मी बसते."

"तुमाले टोचलं नाही, आई," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. नुसतं सांगितलं.

"माहीत आहे," मी म्हणाले आणि आत गेले.

दोन दिवस मी तिच्या पलंगापाशी स्टुलावर बसले. ती झोपायची, उठायची, मोबाईल पाहायची, मला म्हणायची, "घूर क्यों रही हो?" एकदा तिनं काकाचा फोटो काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यात तो सिलतऱ्याच्या खोलीत टोपी उलटी घालून उभा होता. मी म्हटलं, ठेव तो. तिनं ठेवला. 

रक्तात काही निघालं नाही. घशाचा साधा ताप होता. चार दिवस ती नीट जेवली नव्हती, झोपली नव्हती, त्यानं आलेला. गुरुवारी तिला घरी सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून तीन दिवस लक्ष ठेवा. आणि हो, आता पुढच्या सोमवारपर्यंत तिचा टीकाही कामाला लागला असेल. मी विचारलं, नक्की? त्या म्हणाल्या, नक्की काही नसतं, अम्मा, आणि सगळ्या जातीच्या जंतूंवर तो चालतही नाही, पण ज्यावर चालतो त्यावर चालेल.

रविवारी दहा दिवस पुरे झाले. मी पाय पाहिले. सोमवारी पुन्हा पाहिले. त्यानंतरही आठवडाभर पाहिले. ती सलवार वर करून उभी राहायची.

त्या बुधवारी आमच्या घरात पाच माणसं होती. धाकटा वाचला नाही. मोठा, सून आणि मी वाचलो. नात वाचली.